पहिल्या खुंटीवरचे पाकीट

मित्रांनो, माणसे आपली लाज जिच्यावर टांगून आत जातात असे लोक म्हणत, ती वस्तू मी आहे. मी एक जुने खुंटाळे: साडेतीन मीटर लांबीची पाइनची फळी आणि तिच्यात बसवलेल्या बावीस खुंट्या. लाजेचे म्हणाल तर पन्नास वर्षांत ती माझ्यावर कोणी टांगलेली मी पाहिली नाही. कोट पाहिले, झगे पाहिले, पदके लावलेला एक गणवेशही पाहिला. पुढे लाज शोधण्याची वेळ आली तेव्हा ती कपडे घातलेल्या माणसांतही सापडली नाही, हा भाग वेगळा.

मेक्लेनबुर्ग या उत्तर जर्मन प्रांतातल्या एका तळ्याच्या काठी एकेहार्ट टीमान नावाच्या तरुण सुताराने मला घडवले. एका मोडीत निघालेल्या होडीची फळी त्याने तासली, अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या खुंट्या केल्या आणि दोन भूर्जवृक्षांमध्ये, पायवाट काठाला उतरते तिथे, मला उभे केले. माझ्या पलीकडे कपडे नव्हते. माणसे उन्हाळाभर तशीच पोहत, घेवड्याचे वेल चढवत, छपरे दुरुस्त करत, सावलीत पुस्तके वाचत. माझ्या अलीकडे जो 'अहो डॉक्टर' असे, तो पलीकडे गेला की 'अरे' होई. सदरा उतरला की हुद्दाही उतरतो, हे समजायला विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. इथे ते पाच मिनिटांत समजत असे.

गेरलिंड नोआक पहिल्यांदा आली तेव्हा तिची नखे निळी होती. ती दक्षिणेकडच्या एका गावात कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यात काम करी.

"टॉवेल आणलाय का?" एकेहार्टने विचारले.

"पोहायला?"

"बसायला. इथं काही घातलं नाही तरी चालतं, पण टॉवेल न टाकता बाकावर बसलीस तर मीच तुला पाण्यात ढकलीन. आणि साबण? साबण असेल तर इथंच ठेव. तळ्यात नाही न्यायचा."

"साबण आणि रंग पाहूनच पळून आलेय मी," गेरलिंड म्हणाली. "आमच्याकडची नदी सोमवारी लाल असते, गुरुवारी निळी. नदीकडे बघून आम्हांला कळतं, यंदा शहरातल्या बायका काय घालणार."

एकेहार्ट हसला. ती हसली नाही. तिने आपला झगा सातव्या खुंटीवर टांगला आणि पाण्यात उतरली. चार मीटर खोलवरचे गोटे दिसत होते. ती बराच वेळ नुसती खाली बघत राहिली.

त्यानंतर ती दर उन्हाळ्यात आली. नव्या माणसांना ती एकच गोष्ट सांगे: एक सदरा पिकवायला, रंगवायला आणि जन्मभर धुवायला किती पाणी लागते, आणि ते कोणाच्या विहिरीतून येते. काठाने जाणारे लोक आम्हांला बघून खिदळत. त्यांना इथली माणसे 'कापडवाले' म्हणत, इतकाच काय तो सूड.

इथे नियम फार थोडे होते, पण त्यांतला एक माझ्यासंबंधी होता आणि तो रक्ताने लिहिल्यासारखा पाळला जाई: दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही. देशाच्या मधोमध भिंत होती त्या काळात नवव्या खुंटीचा सभ्य गृहस्थ सगळे पोहायला गेले की परत येऊन इतरांचे खिसे चाचपत असे. मी ते पाहिले. मला ओरडता येत नाही. भिंतीपलीकडच्या भावाचे एक पत्र गेरलिंडच्या खिशात होते. पंधरा दिवसांनी तिला गुप्त पोलिसांकडून चौकशीसाठी बोलावणे आले, आणि त्यानंतर अकरा वर्षे भावाचे पत्र आले नाही. तो गृहस्थ कोण ते उघड झाले, त्या दिवशी सगळ्यांनी माझ्यासमोर उभे राहून त्या नियमाची शपथ घेतली. सर्वांत मोठ्याने गेरलिंडने घेतली.

भिंत पडली. वीसएक वर्षे गेली. एकेहार्ट आता इथल्या माणसांच्या मंडळाचा अध्यक्ष होता, म्हातारा होता, आणि त्याचे टपाल पहिल्या खुंटीवर येत असे. एका जुलै महिन्यात नगरपालिकेचा माणूस जाड पाकीट घेऊन वाटेवर उभा राहिला. एकेहार्टला आदल्याच दिवशी हृदयाच्या त्रासाने नॉयब्रांडेनबुर्गच्या रुग्णालयात नेले होते.

"अध्यक्षांच्या हातात द्यायचंय," तो माणूस म्हणाला.

"ते नाहीत. आत येऊन बाकीच्यांना विचारा," गेरलिंड आतूनच म्हणाली. "पण मग पाटलोण इथं ठेवावी लागेल हं."

तो कानापर्यंत लाल झाला. "नको नको. इथंच टांगतो. तुम्ही सांगा त्यांना."

त्याने पाकिटाला सुतळी बांधली आणि ते पहिल्या खुंटीवर अडकवले. गेरलिंडने रुग्णालयात जाऊन निरोप दिला, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले.

"आणू का?" तिने विचारले होते.

"राहू दे गं. विजेचं काहीतरी असेल. मी येऊन बघतो."

"फोडून वाचू?"

तेव्हा एकेहार्टने तिच्याकडे असे पाहिले म्हणे, की तिने विषय बदलला.

पाच आठवडे ती रोज त्या पाकिटासमोरून गेली. एकदा थांबली. हात वर केला. शिक्का वाचला. मग हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने घट्ट धरला, जणू तो कोणा चोराचा होता. मित्रांनो, लाकडाला बोलता आले असते तर मी त्या एका क्षणासाठी बोललो असतो.

सहाव्या आठवड्यात एकेहार्ट गेला. अंत्यविधीनंतर त्याच्या मुलीने पाकीट फोडले. काठाची जमीन एका कंपनीला द्यायचे ठरत होते. हरकत घेण्यास चार आठवड्यांची मुदत होती. ती उलटून अकरा दिवस झाले होते. गेरलिंड कचेरीत गेली. तिला अतिशय सौजन्याने सांगण्यात आले की मुदत म्हणजे मुदत, आणि येणारा प्रकल्प पूर्णपणे 'निसर्गस्नेही' आहे. ज्यांनी पन्नास वर्षांत तळ्यात साबणाचा फेस पडू दिला नव्हता, त्यांना निसर्गाचा स्नेह शिकवण्याचे काम अशा रीतीने एका विश्रामगृहाकडे सोपवले गेले.

ते विश्रामगृह सुंदर आहे. मला घासून, तेल पाजून स्वागतकक्षात लावले आहे. खाली पितळी पट्टीवर 'नैसर्गिक जीवनाची परंपरा' असे कोरले आहे. माझ्या बावीस खुंट्यांवर बावीस पांढरेशुभ्र झगे आहेत. ते रोज बदलतात, कोणी अंगात घातले नसले तरी.

दोन वर्षांनी गेरलिंड आली. काठी टेकत काचेच्या दारातून आत आली, तेव्हा स्वागताची मुलगी लगबगीने पुढे झाली.

"आजी, तळ्यावर जायचंय? हा झगा घाला हं."

"मला पोहायचंय. झगा कशाला?"

"पोहायला पोशाख लागतो, आणि तिथवर जायला झगा. नाहीतर पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं."

"कोणाला झालं?"

"अजून कोणाला नाही," मुलगी गोड हसली. "पण होईल ना!"

गेरलिंडने झग्याची किनार चिमटीत धरून चोळली. "दिवसाला किती धुता?"

"बापरे, शेकड्यांनी! स्वच्छतेत आमचा पहिला नंबर आहे."

"आणि पाणी कुठं जातं?"

"पाणी?" मुलगी गोंधळली. "पाइपनं जातं की."

काचेतून मला ती काठावर जाताना दिसली. अंगावर कोट, पायात बूट. ती कष्टाने वाकली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मग मान पुढे काढून खाली बघू लागली, पुन्हा थोडी सरकून बघू लागली. आता तिथे हातभर खालचेही दिसत नाही. तिने ओला हात कोटाला पुसला.

परतताना ती माझ्यासमोर थांबली. मुलगी फोनवर होती.

"मी उघडायला हवं होतं," गेरलिंड म्हणाली. "एकेहार्ट, तू रागावला असतास. महिनाभर बोलला नसतास. पण मी उघडायला हवं होतं रे."

ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, सदरा घेताना तो कोणत्या नदीतून निघून आला ते विचारत जा. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि सगळ्यांच्या जिवावर उठलेले एखादे पाकीट तुमच्यासमोर टांगलेले दिसले, तर ते कोणाच्या नावाचे आहे हे पाहत बसू नका. फोडा. माफी नंतरही मागता येते. गेरलिंडजवळ माफी तयार आहे, पण ती घेणारा माणूस उरला नाही, आणि ज्याच्यासाठी ती मागायची ते पाणीही.