घरचा पाव फेरा

बोल्ट तळहातावर होता — असणारच, दिसत होता ना — चिंचोक्याएवढ्या डोक्याचा, नवाकोरा. पण रुपरावांनी डोळे मिटले की तो नाहीसा होई. उघडले की परत हजर. त्यांनी दोन-तीनदा असं करून पाहिलं आणि त्यांना जराशी मजाच वाटली. दुपारचं ऊन महाल भागातल्या त्या अरुंद गल्लीत शिरून दुकानाच्या पायरीपर्यंत आलं होतं, गाड्यांचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे येत होते, आणि बोटं कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवली आणि सोडायची विसरलं, असं काहीतरी त्यांना वाटत होतं.

समोर खोक्यावर बसून मयुरा गॉगल पुसत होती. तेवीस वर्षांची लेक. उद्या सकाळी मौद्याजवळच्या मातीच्या ट्रॅकवर तिची शर्यत, आणि तिच्या डर्ट बाईकचं — उंच, सडपातळ, टेकाडांवरून झेपावणाऱ्या त्या फोर-स्ट्रोक गाडीचं — पुढचं चाक रुपराव बसवत होते. अ‍ॅक्सल म्हणजे चाकाचा दांडा घालून झाला होता. ब्रेक दाबून फोर्क, चाक धरणारे पुढचे दोन पाय, चार-सहादा खालीवर केले होते, म्हणजे चाक आपल्या जागी बसतं. आता अ‍ॅक्सलला फोर्कच्या पायथ्याशी आवळून धरणारे चार बोल्ट, दोन इकडे, दोन तिकडे. एक थोडा, मग त्याचा जोडीदार थोडा, परत पहिला... एकच एकदम आवळला की दुसरा नुसता घट्ट वाटतो, असत नाही. हे काम ते झोपेतसुद्धा करू शकले असते.

आणि शेवटी घरचा पाव फेरा. तो महादेवरावांचा, म्हणजे वडिलांचा, महालात सायकलरिक्षा धावत तेव्हापासूनचा. नट पुरता बसला की पाना काढायचा नाही. गाडीमालकाच्या घरी जो वाट पाहत असेल त्याचं मनात नाव घ्यायचं आणि पाव फेरा वरून द्यायचा. लोखंडात लोखंड होतं, चालून जाई. पुढे अ‍ॅल्युमिनियम आलं, मऊ आट्यांचं, त्याला असले लाड सोसत नाहीत; तरी रुपरावांनी रीत मोडली नाही, फक्त बारीक करत नेली — पाव फेऱ्याचा अर्धा, अर्ध्याचा केसभर — कारण धातूच बोटांना सांगायचा, बस, आता नको, आणि ते थांबायचे. चाळीस वर्षं तो सांगत आला. दिवाळीत मयुराने ठरलेला जोर भरला की कट् वाजणारा टॉर्क पाना आणला, तेव्हा ते हसले. मग तीही हसली. राहू द्या बाबा, म्हणाली, तुमचा हात लागला की मी परत पाहतच नाही. पाना डब्यातच राहिला.

पण धंतोलीतल्या दवाखान्याची गोष्ट तर दसऱ्याच्याही आधीची... डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक तंतू बोटांना टेकवत विचारलं होतं, आता लागलं? आता? साखरेनं नसा बधिर होतात म्हणे. रुपराव अंदाजानं हो, हो म्हणत गेले. बाईंची खुर्ची करकरली की हो. मग तंतू न टेकवता खुर्ची नुसतीच करकरली, तरी हे हो म्हणाले. बाई रागावल्या नाहीत, कागदावर लिहीत राहिल्या. तो कागद त्यांनी घरी कोणाला दाखवला नाही. म्हणजे दिवाळीत ते हसले, ते सगळं ठाऊक असूनच.

चाकाची दुसरी बाजूही आली. तिसरा, चौथा... बायकोची, पुष्पलताची, इस्पितळात सकाळपाळी असायची, तेव्हा मयुराची शाळेची वेणी तेच घालत. पाना धरणारा हात, वेणीसुद्धा तसाच आवळी. पोरीच्या भुवया वर ताणल्या जात आणि मग बारीकसा आवाज येई, बाबा, बस. कसं बरं होतं ते, कुणीतरी बस म्हणणं! त्या तंद्रीतच चौथ्यावर पाना थांबला — थांबला असावा — आणि मनात तिचंच नाव घेऊन त्यांनी घरचा फेरा दिला.

पाना गेला. केसभर नाही, चांगला अर्धा फेरा गेला, आणि हे त्यांना हातानं नाही, डोळ्यांनी कळलं.

गप्प बसावं. बाकीचे तीन धरूनच आहेत... पण त्या तिघांचं तरी काय ठाऊक होतं त्यांना? ती पाहणार नव्हती. म्हणालीच होती ती. उद्या सकाळी ती ह्या चाकावर हवेत जाईल आणि खाली येईल, आणि खाली येताना तिच्या मनात शंका नसेल. एकदा बोललो की संपलो, असं त्यांच्या मनात आलं. मग दुकानात बसायचं ते कशासाठी?

"मयुरा, हा चौथा पाहून घे वं. मले हातानं समजून नाही राहिलं."

ती आधी हसलीच. "काहून, थकले का?"

"बोटात काहीच नाही बाई. दसऱ्याच्या आधीपासून."

गॉगल पुसणारा हात थांबला. ती कुठेतरी मागे गेली, एकेक महिना मागे, हे त्यांना दिसत होतं.

"मग डिसेंबरच्या रेसले?"

"तेव्हाही."

ती उठली, चौथा बोल्ट उलटा फिरवून काढला. त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती, भोकातल्या सोललेल्या आट्यांची. ती तिने उजेडात धरून पाहिली. मग उरलेले तीन सोडवले. मग हँडलचे, मग ब्रेकचे, मग मागच्या चाकाचा नट — बापाच्या हातचं जे जे होतं ते ती सोडवत चालली, त्यांच्याकडे एकदाही न बघता. रुपरावांना रडू येईल असं वाटलं, आलं नाही. डब्यातून टॉर्क पाना निघाला. हँडलचा आधी कोणता, तिने कोरडेपणी विचारलं. पुढचे दोन, मग मागचे, थोडे थोडे, ते म्हणाले, आणि मग कट् वाजलं.

उद्या ती जाणार की नाही, हे त्यांना विचारता येईना. जाऊ नको म्हणायचा हक्क आपण डिसेंबरातच घालवला, असं त्यांना वाटलं. शर्यतीच्या दिवशी पुष्पलताच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि ते तिची थट्टा करत. त्यांना स्वतःला कधी काही वाटलं नव्हतं, चाक त्यांनी आवळलेलं असे. आता पायरीवरचं ऊन पुढे सरकत होतं, लेक पाठमोरी वाकलेली होती, आणि मयुरा पडू शकते, ही गोष्ट रुपरावांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होती.