विकत दिलेली लेक

सालोनिकाच्या बंदरात ओझी वाहणाऱ्या याकोच्या बायकोने, बुलिसाने, आपली तीन वर्षांची पोर विकली तेव्हा सगळ्या आळीने तिला शहाणी म्हटलं. पोर तापाने फणफणली होती. अशा वेळी लेकरू दुसरीला विकायचं आणि नाव बदलायचं, म्हणजे न्यायला आलेला मृत्यूदूत पत्ता चुकतो, ही आपल्या यहुदी बायकांची जुनी युक्ती. विकत घेणारी मात्र नशिबाची हवी. तंबाखूच्या वखारवाल्याची बायको रेना, जिला आळी मानाने ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणे, तिला सहा लेकरं झाली नि सहाही जगली. तिने एक नाणं बुलिसाच्या हातावर ठेवलं, पोरीला नवं झबलं घातलं आणि लुनाची मर्कादा झाली. मर्कादा म्हणजे विकत घेतलेली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

मग रेनाने पोर ‘सांभाळायला’ म्हणून बुलिसाकडे परत धाडली. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण बुलिसाच्या मनातली भीती काही गेली नाही. इतर बाया वर्षभराने विसरतात, पोरांना ‘माझं बाळ’ म्हणून हाका मारतात, पदराशी घेतात. ही बया रोज पोरीला बजावायची, “मी तुझी आई नाही हो. मी नुसती सांभाळणारी, तुझी तिया, म्हणजे मावशी. कुणी तुला माझी म्हणालं तर कान झाकून घ्यायचे, नाहीतर तो तलवारवाला ऐकेल आणि तुला नेईल.” पोर मान डोलवायची. मायेपोटी माणूस काय काय शिकवून ठेवतं!

मर्कादा दहा वर्षांची झाली तशी रेनाला आपल्या लेकीची आठवण आली. तिने तिला घरी नेलं आणि वखारीत तंबाखूची पानं निवडायला बसवलं. बाकीच्या पोरींना दर आठवड्याला मजुरी मिळे, त्यातून त्यांचं लग्नाचं सामान जमे. हिला काही नाही. “बापाच्या घरात लेक मजुरी घेते होय?” रेना हसून म्हणायची. दोन वर्षांत पोरीला खोकला जडला. धुळीचा खोकला, बाकावर बसणाऱ्या निम्म्या पोरींना असतो, पण हिच्या रुमालावर लाल डाग दिसू लागले.

बुलिसा धर्मगुरूंकडे, रब्बींकडे, गेली. ते वैतागून म्हणाले, “ही बायकांची खुळं आहेत. शास्त्रात असा सौदा नाही. लेक तुझी आहे, जा, घेऊन ये.”

शुक्रवारी दुपारी, शनिवारच्या शब्बाथच्या सुटीसाठी वखार बंद व्हायच्या आत, ती दारात जाऊन उभी राहिली.

“दोन्या, पोरीला घरी नेते. तिला ही धूळ सोसत नाही.”

रेनाने हातातला पंखासुद्धा थांबवला नाही. “ने की. मी काय बांधून ठेवलंय? पण उगाच चोरासारखी नको नेऊस. ही माझी लेक आहे, असं सगळ्यांदेखत म्हण आणि ने.”

बाकावरच्या पोरींचे हात थांबले. नऊ वर्षांत हा शब्द बुलिसाने एकांतातही उच्चारला नव्हता. तिने डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून म्हणाली, “ही माझी लेक आहे. मी जन्म दिलाय हिला. लुना, चल बाळ.”

मर्कादा ताडकन उठली. तिने दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते.

“असं नका म्हणू, तिया! तुम्हीच सांगितलं होतं ना? मला मारायला आलात का?”

“अगं, ते खोटं होतं. मी घाबरले होते गं.” बुलिसा दोन पावलं पुढे झाली.

पोर मागे सरकत सरकत रेनाच्या घागऱ्याआड गेली. “आई, यांना जायला सांगा ना. मी जास्त पानं निवडेन. रविवारी लवकर येईन.”

“ऐकलंस?” रेना म्हणाली. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी गोड आवाजात, “घाबरू नकोस हं, बाळा. पण आता नाव घेतलंच आहे तिने, त्या तलवारवाल्याने ऐकलं असेल. माझ्या घरात माझी सहा लेकरं आहेत. आजपासून तू इथे वखारीतच निजत जा.”

“बरं, आई,” मर्कादा म्हणाली.

बाकावरच्या पोरी तिच्यापासून हातभर सरकून बसल्या. एकीने अरिष्ट आपल्यावर येऊ नये म्हणून हळूच आपल्या पदरात तीनदा थुंकून घेतलं. मर्कादा रिकाम्या जागेवर बसली आणि पुढ्यातली पानं ओढून मोठी एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला लावू लागली. खोकला आला तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. दारात उभ्या असलेल्या बाईकडे तिने एकदाही पाहिलं नाही.