मिसिसिपीचं कापलेलं पान

हैदराबाद संस्थानात शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या दुपारी नांदेडच्या माझ्या खोलीत सहा-सात बायका जमत आणि मी त्यांना अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या लोकजीवनाचा इतिहास मराठीत सांगत असे. पुस्तक हैदराबादला बी. एस्सी. करताना जुन्या बाजारात मिळालेलं. सत्तेचाळीस साल सरत आलं होतं, पण संस्थान अजून भारतात सामील झालं नव्हतं. परवानगीशिवाय चार माणसं बसली तरी चौकशी होई. माझी शाळेतली नोकरी सरकारी, आणि घर माझ्याच पगारावर चालत होतं.

"गुलामी संपली," मी एकदा सांगितलं, "पण शेतं जुन्याच मालकांची राहिली. त्यांच्यातच निम्म्या वाट्यानं राबायचं."

"बटईच की ही," उंबऱ्यात बसलेली साखराबाई म्हणाली. ती लोकांच्या रानात कापूस वेचायची. "येवढ्या लांब जाऊन बी बटईच?"

"तू जा, तुला चौथाईच देतील," सरस्वतीबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. सरस्वतीबाईंचे दीर कोतवालीत, म्हणजे पोलिसात, जमादार होते.

पुढच्या गुरुवारी वाचनाची तयारी करताना दिसलं, एक पान नाही. फाटलेलं नव्हतं, शिवणीलगत सरळ कापलेलं होतं. त्याच्या एका बाजूला कसलंसं चित्र होतं. दुसऱ्या बाजूचा मजकूर मात्र मला नीट आठवत होता: कृष्णवर्णीयांना मत देऊ नये म्हणून राज्यानं काय काय केलं, त्याची हकीकत.

मी निरीक्षणं जुळवली. चांगली कात्री, शिवणयंत्र आमच्यात एकट्या सरस्वतीबाईंकडे. मागच्या शुक्रवारी शेवटी उठल्या त्याही त्याच. दीर कोतवालीत. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जात होत्या, म्हणून मी चौथी शोधली नाही.

त्या संध्याकाळी पुस्तक आणि माझी भाषांतराची वही मी बंबात घातली.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाई आल्या तेव्हा मी दारातच उभी होते.

"वाचन बंद."

"का हो, बाई?"

"तुमच्या दिरांना विचारा."

त्या दारातूनच परत फिरल्या.

आठ दिवस मी पोलिसांची वाट पाहिली. कुणी आलं नाही. नवव्या दिवशी मुलींना झाडंझुडपं दाखवायला गावाबाहेर नेलं. कापसाच्या रानात बायका लुगड्याच्या भरल्या ओट्या सावरत वाकल्या होत्या. साखराबाईच्या खांद्याला मात्र एक लांबलचक पिशवी होती, मागं जमिनीवर घसटत येणारी.

"मास्तरीणबाई! ही बघा तुमच्या मिशिशिपीची पिशवी. चितरातल्या बायकांवानी. सरस्वतीआक्कानं शिवली."

"पान तुम्ही घेतलंत?"

"मीच म्हनलं आक्कास्नी, कापून घ्या. त्याबिगर माप कळंना."

"मला मागायचं नाही?"

"तुम्ही बुकाला हात लावू देता व्हय? शुक्रवारी परत देनार होत्या आक्का. तुम्ही घरातच घेतलं न्हाई."

मुलींना शाळेत सोडून मी सरस्वतीबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. चूक माझी, असंही म्हणाले. त्या ऐकत होत्या. पुस्तक जाळल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मागं वळून माजघराकडे पाहिलं.

"हळू बोला. भाऊजी जेवतायत."

मग जवळ येऊन म्हणाल्या, "परवाच विचारत होते, त्या मास्तरीणबाई काय वाचतात म्हणून. कापूस कसा वेचतात ते, असं सांगितलं मी. पिशवी दाखवली. हसले नि म्हणाले, बघू एकदा ते पुस्तक." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "आता ते मागतील, बाई. कापसाचंच होतं तर जाळलं का, काय सांगू?"