डोहातले मरळ

आसेगावचा तलाव उन्हाळ्यात आटून एवढासा होते. मधातला डोह तेवढा राह्यते. त्या डोहात पाऊस पडेपर्यंत कोणी जाळं टाकत नाही, आधीपासूनच नाही.

नीलिमानं टाकलं, मागच्या मे महिन्यात. बचत गटाची अध्यक्ष ती, मासेपालनाचं तीन दिवसाचं ट्रेनिंग करून आलेली. भर दुपारी डोहातले मरळ वर येऊन तोंड उघडून राह्यले होते. तिले वाटलं, मरून राह्यले, त मरायच्या आधीच काढून विकावं.

"मरत नाही बाई," धनीबाई म्हणे. सारी जिंदगी या तलावात मासे धरले तिनं. "मरळ वरून हवा पेते. थंडीत गाळापाशी बसते, उन्हात वर येते. बापजाद्यापासून याच पाण्यात तापले हे. जे वाचले, त्यायचेच पिल्लं पुढं. बियाणं हाय ते, राहू दे."

नीलिमाचं डोकं सटकलं. "आंगठा लावणारी मले शिकवते! ट्रेनिंग कोणाचं झालं, तुमचं का माहं?"

साऱ्या गटासमोर बोलली. धनीबाई बाकीच्या बायांसंगं जाळं ओढाले लागली. डोह रिकामा झाला. पावसाळ्यात नीलिमानं दुरून आणलेली रोहू-कटल्याची पिल्लं सोडली. हिवाळाभर वाढली, तिनं फोटो काढले, साऱ्यायले दाखवले.

अन् या मे महिन्यात, एका दुपारी, डोहाच्या तापल्या पाण्यात सारे पांढरे पोट वर करून तरंगले. वास गावात आला. बाया नाकाले पदर लावून काठावर उभ्या. नीलिमाची मान वर होईना.

दोन दिवसानं ती धनीबाईच्या वावरात गेली.

"आजी... मी तुमाले तसं बोलाले नोको होतं."

"थे मले काहून सांगतं? बोलली चारचौघीत."

"त्यायच्यासमोर सांगतो."

धनीबाईनं तिले विहिरीपाशी नेलं. खाली हिरव्या पाण्यात काळं काही हाललं. मागच्या वर्षी डोह रिकामा केला त्या दिवशी जाळ्यातून चार मरळ तिनं लुगड्यात लपवून आणले होते.

"ने. पण सांज झाल्यावर. बालटी आधी डोहात ठेवजो घडीभर, एकदम पाणी बदललं त दचकते तो."

तेवढ्यात एक मरळ वर आला, तोंड उघडून हवा पेला, परत खाली गेला.

"पाह्य," धनीबाई म्हणे, "मरून राह्यला का?"

नीलिमानं पाह्यलं नाही. तिले आपल्या पायाच्या बोटाशिवाय काही दिसून नव्हतं राह्यलं.