सात नंबरच्या खाटेवरची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. शिवकाशीजवळच्या एका सरकारी इस्पितळात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर मी सहा वर्षे काढली. आज मी मागच्या आवारात उभी चिरून टाकलेली आहे. मला जाळायला नेणारी भट्टीची गाडी येण्याआधी मला एवढेच सांगायचे आहे.

मी आले तेव्हा माझे निळे रेक्झिन आरशासारखे चकाकत होते. आमच्याकडे येणारे बहुतेक फटाक्यांच्या कारखान्यातले. माझ्यावर निजून कितीतरी जण बरे झाले, आपल्या पायांनी घरी गेले. तपासणीला आलेले मोठे साहेब माझ्यावरून हात फिरवून म्हणाले, "वा! वॉर्ड असा स्वच्छ हवा." मला फार बरे वाटले.

जेसिंता सिस्टर मायाळू होत्या. चादर गोळा होऊन जखमेला घासू नये म्हणून त्यांनी ती चार कोपऱ्यांना सेफ्टी पिनांनी टाचली. पिना माझ्या कातडीतून आरपार गेल्या. मोहरीएवढीही नसतील ती भोके. पण त्यांतून जखमांचे पाणी झिरपत माझ्या स्पंजात उतरू लागले. वरून मला रोज फिनाइलने पुसत. आत मी ओलीच राहिले. त्या ओलीत असे जंतू वाढले, जे कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हते.

मग वळर्मती आली. सव्वीस वर्षांची, कारखान्यात फटाक्यांच्या वाती वळणारी. दोन आठवड्यांत ती उठून बसली, दहीभात खाऊ लागली. भरवणाऱ्या सासूला म्हणाली, "अत्तै, घरी कधी एवढ्या प्रेमानं वाढलं नाहीत! रोज भाजून घेऊ का?"

"जीभ तेवढी भाजायची राहिली तुझी," सासू म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिला ताप भरला. जखमा हिरवट झाल्या. डॉक्टर इळंगोंनी एकामागून एक औषधे बदलली. आठवड्याने तिला माझ्यावरून उचलले ते पांढऱ्या कापडात गुंडाळूनच. तिच्या अंगाची धग बराच वेळ माझ्यात होती.

महिन्याभरात पेचियम्माळ आली. फक्त दंड भाजलेला. तिच्याही जखमेत तेच जंतू निघाले. डॉक्टर सफाई करणाऱ्या मुनियम्माळवर भडकले. "तू नीट पुसतच नाहीस!"

"अय्या, मी वरनं पुसते," मुनियम्माळ म्हणाली. "पण ही गादी जड झालीय. बाकीच्या मी एका हातानं उलटते, हिला दोन हात लागतात. वळर्मती होती तेव्हाही मी सांगितलं होतं. आत काय आहे ते एकदा बघा की."

"आता तू मला शिकवणार?" असे म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर!

जेसिंता सिस्टर मात्र थांबल्या. "अक्का, धर त्या बाजूनं," त्या म्हणाल्या. दोघींनी पेचियम्माळला दुसऱ्या खाटेवर नेले आणि माझी चेन उघडली. आतला स्पंज काळा पडला होता. मुनियम्माळने नाकाला पदर लावला. सिस्टर कोपऱ्यातल्या भोकांकडे बघतच राहिल्या.

"अक्का... या पिना मी लावल्या होत्या."

मुनियम्माळने सिस्टरांच्या पाठीवर हात ठेवला, मग आठवण झाल्यासारखी म्हणाली, "आधी हात धुऊन या, अम्मा. मग रडा."

माझ्या स्पंजाचा तुकडा तपासायला गेला. तेच जंतू! पेचियम्माळचा ताप एकोणीस दिवसांनी उतरला. ती वाचली, पण कोपर आता सरळ होत नाही. वॉर्डातल्या सगळ्या गाद्या उघडल्या, तेव्हा आणखी दोन ओल्या निघाल्या. आता दर सोमवारी मुनियम्माळ प्रत्येक गादीची चेन उघडून आत हात दाबून पाहते, आणि ती 'कोरडी' म्हणेपर्यंत डॉक्टर इळंगो शेजारी उभे राहतात.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. वरची चकाकी पाहून मला स्वच्छ म्हणू नका. उचला, उलटा, आत पाहा. आणि जी बाई रोज खाली वाकून पुसते, तिला काय जाणवते ते विचारा. मी मुकी होते, माझा इलाज नव्हता. मुनियम्माळ मुकी नव्हती. वळर्मती दहीभात खात होती तेव्हाच ती बोलली होती.