जिन्याखालचा स्विच

साकोलीच्या त्या कॉम्प्युटर सेंटरमधला जिन्याखालचा कोपरा नुसता आठवला, तरी तिथे शिकवणाऱ्या करुणाला मळमळायचं. भिंतीचा मूळ रंग कोणता, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. कमरेएवढ्या उंचीपर्यंत खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, खाली त्याच थुंकीचा वाळलेला थर, आणि नाकाला ओढणी लावली तरी आत घुसणारा तो आंबूस, तंबाखूचा वास. नेमका याच कोपऱ्यात, डोक्याच्या उंचीवर, नेटवर्कचा स्विच ठोकलेला होता. बसवणाऱ्याची वायर म्हणे तिथवरच पुरली.

थुंकणारे बाहेरचे असते तर करुणाने त्यांची कधीच खरडपट्टी काढली असती. पण सगळ्यात मोठी पिचकारी संस्थेचे सचिव भैय्याजी यांची असायची. मुलींना शिस्तीवर भाषण देता देता मान वळवायची, पिच्च करायचं, आणि तोंड न पुसता भाषण पुढे चालू! या माणसाला रोज सकाळी नमस्कार करावा लागतो, याची करुणाला शिसारी यायची. स्वतःचीही थोडी यायची.

दसऱ्याची सुट्टी संपून सेंटर उघडलं आणि ऐन परीक्षेच्या दिवशी सगळं ठप्प. कॉम्प्युटर सुरू होत होते, पण ज्या सर्व्हरवर पेपर होता तो एकालाही सापडेना. मुली दाराशी ताटकळल्या होत्या.

"ज्या कोनाचं हे काम असन, त्याची आजच सुट्टी!" भैय्याजी ओरडले. "मंग तो कोनी का असेना!"

झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईच्या हातातला झाडू तिथेच थांबला. सुट्टीआधी मशीनींची पूजा तिनेच केली होती. तिचं घर याच पगारावर चालायचं आणि भैय्याजींची नजर आतापासूनच तिच्यावर होती.

"मॅडम, इंटरनेट गेलं काय?" अड्याळहून दोन बस बदलून आलेल्या डिंपलने रडवेल्या आवाजात विचारलं.

"इंटरनेटचा काही संबंध नाही गं. या खोलीतल्या मशीनी आपसात बोलतात ना, ते आपलं लॅन. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी लॅन चालतं. सगळ्यांच्या केबली स्विचमध्ये जातात. तो पोस्टमनसारखा, ज्याची चिठ्ठी त्याच्याच दारात टाकतो. आधी हब असायचा, तो मेला एकाची चिठ्ठी साऱ्या गावाला वाचून दाखवायचा."

"मंग आज पोस्टमन कुठी गेला?"

तेच पाहायला त्या कोपऱ्यात शिरणं भाग होतं. करुणाने ओढणी नाकाभोवती घट्ट बांधली आणि श्वास रोखून आत पाऊल टाकलं. चप्पल चिकटली. मनातल्या मनात तिने भैय्याजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. थुंकी उडून स्विच जळला असावा, अशी तिची खात्रीच होती. आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही होती.

पण स्विच जळलेला नव्हता. वर झेंडूचं सुकलेलं फूल, कपाळी कुंकू, आणि सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. एरवी जी मशीन बोलेल तिचाच दिवा लुकलुकायचा. करुणा एकेक वायर हाताने चाचपत गेली. एक निळी वायर स्विचमधून निघाली, खाली आली, वळली आणि परत त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये शिरली.

आता तिला उलगडा झाला. पत्ता ठाऊक नसला की हा पोस्टमन सगळ्या दारांवर विचारत फिरतो. इथे त्याचा प्रश्न एका दारातून बाहेर पडत होता आणि दुसऱ्या दारातून त्याच्याकडेच परत येत होता. पुन्हा विचार, पुन्हा ऐक. या गोंधळात खऱ्या चिठ्ठ्यांना वाटच उरली नव्हती.

ही वायर तिच्या ओळखीची होती. एक जुनी मशीन काढून नेली, तेव्हापासून या वायरचं एक टोक स्विचमध्ये होतं आणि दुसरं खाली त्या घाणीत लोळत पडलं होतं. करुणाने ते कितीदा पाहिलं होतं आणि दर वेळी तोंड फिरवलं होतं. आज ते टोक लख्ख पुसलेलं होतं. त्यालाही कुंकू लागलं होतं.

तिने मागे पाहिलं. शेवंताबाई जिन्याशी उभी होती.

"पूजा केलेल्या मशीनीची तार थुक्यात कशी पडू देऊ, मॅडम?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "लय पाप वाटलं. पुसली अन् रिकाम्या भोकात खोचून देली. चुकलं काय माह्यं?"

करुणाने दोन्ही टोकं उपसली. दिवे शांत झाले आणि थोड्याच वेळात आतून डिंपल ओरडली, "मॅडम, पेपर दिसून राहिला!"

मुली धडाधड खुर्च्यांवर बसल्या. भैय्याजी आले. आनंदाने त्यांनी ताजा तोबरा भरला होता. रस ओघळू नये म्हणून हनुवटी वर करून ते म्हणाले, "सांगा मॅडम, कोनाचं काम होतं? आत्ताच्या आत्ता हाकलतो."

शेवंताबाईने डोळे मिटले.

"तुमचं," करुणा म्हणाली. आवाज मुलींपर्यंत जाईल एवढा होता. "ही वायर महिनोन्‌महिने तुमच्या थुंकीत पडली होती. पूजेला बसलेल्या बाईला ते बघवलं नाही, म्हणून तिने ती उचलून वर लावली. खाली जागा स्वच्छ असती, तर लावलीच नसती. आता सुट्टी कोणाची करायची, बोला."

सगळ्या मुली खुर्च्यांवरून, उघड्या दारातून पाहत होत्या. भैय्याजींना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. सवयीने मान कोपऱ्याकडे वळली. तिथे करुणा उभी होती, हातात ती निळी वायर घेऊन, आणि ती जागची हलत नव्हती.

गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर घाम फुटला.

आणि सगळ्यांच्या देखत भैय्याजींनी तो तोबरा गिळला.