मदत कसली?

लेकीने पदवीनंतर नोकरीसाठी बायोडेटा लिहिला. अनुभवात कॉलेजची नाटकं होती, पण आमच्या लाँड्रीचा पत्ता नव्हता. मी डोळे वटारले, तेव्हा तिने एक ओळ घातली: ‘वडिलांना दुकानात मदत केली.’

माझं टाळकंच सरकलं. “मदत? माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा दुकान कोणी चालवलं? नवरदेवाचा कोट जळला, तेव्हा त्याच्या आईला तोंड कोणी दिलं? मी नुसता डाव्या हाताने पावत्या फाडत होतो, तेही तुझा ओरडा खात!”

हसत तिने ‘मदत’ खोडून ‘दुकान चालवलं’ लिहिलं. शेवटी, चौकशीसाठी म्हणून, माझा फोन नंबर टाकला आणि पुढे लिहिलं: ‘यांनी माझ्या हाताखाली काम केलं आहे.’

एक प्रत मी काउंटरच्या काचेखाली लावलीय.